डिस्क ब्रेकचा पिस्टन जाम झाल्यास

पावसाळाभर इमारतीच्या आवारात उभी राहिलेली मोटारसायकल बाहेर काढावी, तर ती ढकलतानाच जड लागते. पुढचे चाक उचलून फिरवले तर अर्ध्या फेरीत थांबते. थोडे अंतर चालवताच डिस्क तापते. अशा वेळी कॅलिपरमधील पिस्टन जाम झाल्याचे सांगून संपूर्ण कॅलिपर बदलण्याचा सल्ला बहुधा मिळतो. तो प्रत्येक वेळी आवश्यक असतोच असे नाही.

या पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील ब्रेक दाबताना किंचित वाकते आणि लिव्हर सोडताच पूर्ववत होत पिस्टनला मागे आणते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, बाहेरूनही पाणी शिरते. मग ॲल्युमिनियमच्या खाचेत, सीलमागे पांढरा थर साचतो आणि सील पिस्टनला आवळते.

दोष पिस्टनचाच आहे काय, हे आधी पाहावे. ब्लीडिंग निपल सैल करताच चाक मोकळे झाले, तर मास्टर सिलिंडर किंवा नळी तुंबल्याचा संशय घ्यावा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या तरी लक्षणे हीच दिसतात.

पिस्टन काढण्याचे उत्तम साधन म्हणजे ब्रेकचा लिव्हरच. घाईने नळी सोडवली की हे साधन हातचे जाते. कॅलिपर उतरवून पॅड काढावेत, नळी मात्र जोडलेलीच ठेवावी. लिव्हर सावकाश दाबत राहावा आणि वरच्या डबीतील ऑइल संपू देऊ नये. पिस्टन दोन असल्यास आधी सरकणारा लाकडी पट्टीने रोखावा, म्हणजे दुसराही हलतो. खाली ट्रे हवाच. हे ऑइल गाडीचा रंग खाते. कॉम्प्रेसरची हवा घरी वापरू नये. अडकलेला पिस्टन अचानक सुटून बोटे चिरडू शकतो. पक्कडीने पिळल्यास क्रोमवर ओरखडे उठतात आणि पुढे तेथूनच गळती होते.

पिस्टन निघाल्यावर खरे काम खाचेतले. जुने सील लाकडी काडीने काढून पांढरा थर पूर्ण खरवडावा. सील नवेच घालावे. पेट्रोल किंवा इंजिन ऑइलने पुसू नये, त्याने रबर फुगते. सील बसते त्या भागात पिस्टनवर खड्डे असल्यास तो बदलावा. नवे ब्रेक ऑइल लावलेला पिस्टन अंगठ्यांच्या जोराने आत गेला पाहिजे; हातोडी लागत असेल, तर साफसफाई अपुरी आहे.

ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे, सीलबंद बाटलीतले घ्यावे. ब्लीडिंगनंतरही लिव्हर स्पंजासारखा लागला, तर गाडी रस्त्यावर आणू नये. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्याच्या यंत्रणेत हवा शिरल्यास ती काढण्याचे काम वर्कशॉपकडेच सोपवावे.