अश्वांकित नाणी : सातारा व सांगली प्रदेशाच्या संदर्भात

ज्या नाण्यांवर घोडा, घोडेस्वार किंवा घोड्याचे एखादे सूचक चिन्ह मुद्रित केलेले असते, त्यांना अश्वांकित नाणी म्हणतात. प्राचीन काळापासून जगातील अनेक नाण्यांवर घोडा आढळतो. त्याच्या अंकनामागील हेतू मात्र एकच नाही. यज्ञाचे स्मारक, अश्वारूढ राजाचे सामर्थ्य, देवतेचे वा संताचे वाहन, घराण्याचे चिन्ह आणि देशातील प्राणिसंपत्तीचे दर्शन, असे त्याचे स्थूलमानाने पाच प्रकार करता येतात. यांपैकी केवळ शेवटच्या प्रकारात घोड्याच्या जातीला महत्त्व असते आणि तो प्रकार विसाव्या शतकातील आहे. त्याआधीच्या नाण्यांवरील घोडा विशिष्ट जातीचा नसून संकेतरूप असतो.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा विचार या संदर्भात एकत्रित करणे सोयीचे ठरते. जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर झाले. कृष्णेचे वरचे खोरे, उत्तर सीमेवरील नीरा नदी आणि पूर्वेकडील माण नदीकाठचा कमी पावसाचा मुलूख यांनी हा प्रदेश बनलेला आहे. सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठ्यांचे सामर्थ्य मुख्यतः घोडदळावर उभे होते आणि त्या सत्तेची राजधानी काही काळ सातारा ही होती. असे असूनही या प्रदेशातील सत्ताधीशांच्या नाण्यांवर घोडा दिसत नाही. ही विसंगती वाटते. पण नाण्याकडे पाहण्याची त्या काळातील दृष्टी लक्षात घेतली, म्हणजे तिचा उलगडा होतो.

प्राचीन काळ : दख्खनमध्ये अश्वमेधाचा महत्त्वाचा कोरीव पुरावा नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखात मिळतो. त्यात अश्वमेधाचा उल्लेख असून दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांची गणना केलेली आहे. घोडा व नाणे हे दोन्ही येथे दानवस्तू म्हणून शेजारी शेजारी येतात. उत्तरकालीन सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णी याच्या आंध्रात सापडलेल्या शिशाच्या काही नाण्यांवर उभा घोडा आहे. कृष्णेच्या मुखाकडील प्रदेशात घोडा नाण्यावर आला असला, तरी तिच्या उगमाकडील भागात चित्र निराळे आहे. कोल्हापूर परिसरात सापडलेल्या विळिवायकुर, शिवलकुर इ. राजांच्या नाण्यांवर धनुष्यबाण, चैत्य व वृक्ष ही चिन्हे प्रमुख आहेत. एकाच नदीच्या खोऱ्यात, जवळपास एकाच काळात, नाण्यांवरील चिन्हांचे असे प्रादेशिक भेद होते.

अश्वांकनाचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गुप्त सम्राटांची अश्वमेध प्रकारची सुवर्णनाणी होत. समुद्रगुप्ताच्या (कार. इ. स. सु. ३३५–७५) नाण्यावर यूपासमोर उभा असलेला यज्ञीय अश्व असून मागील बाजूस चामरधारिणी राणी व ‘अश्वमेधपराक्रमः’ हे बिरुद आहे. कुमारगुप्ताच्या (कार. इ. स. सु. ४१५–५५) नाण्यावरील अश्व अलंकृत आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताने अश्वारूढ राजाचा प्रकार रूढ केला. पुढे वायव्येकडील हिंदुशाही राजांच्या नाण्यांवर एका बाजूस नंदी व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आला. हा प्रकार लोकांच्या इतका परिचयाचा झाला, की सत्तांतरानंतर दिल्लीच्या प्रारंभीच्या सुलतानांनीही तो काही काळ चालू ठेवला. नाणे प्रथम ओळखीवर चालते, हे यावरून स्पष्ट होते.

मराठा काल : दख्खनमधील सुलतानी नाणी प्रामुख्याने अक्षरांकित होती. राजाचे नाव, बिरुद, टाकसाळ व वर्ष हाच त्यांवरील मजकूर असे. जहांगीराच्या राशिचित्रांच्या नाण्यांसारखे अपवाद मोगलांकडेही थोडेच होते. त्यांतील धनू राशीच्या नाण्यावर अर्धमानव-अर्धअश्व अशी आकृती दिसते. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करविला, तेव्हा त्यांनी या अक्षरांकित परंपरेतच क्रांतिकारक बदल केला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांवर देवनागरीत एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आली. सार्वभौमत्वाची घोषणा चित्राने नव्हे, तर लिपीने केली गेली. घोड्याचे चित्र असलेले अस्सल शिवकालीन नाणे ज्ञात नाही. म्हणून अशा वर्णनाने विक्रीस येणारी वस्तू संग्राहकाने संशयास्पद मानावी.

घोडा नाण्यावर नसला, तरी नाण्याचा मोठा भाग घोड्यावर खर्च होई. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हा भेद मुळात भांडवलाचा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार व दहा जुमल्यांवर हजारी अशी रचना दिलेली असून जुमलेदारास पाचशे व हजारीस एक हजार होन सालीना वेतन सांगितले आहे. मराठी कागदपत्रांत घोड्याची ओळख बहुधा रंग व किंमत यांवरून दिली जाई. कुमाईत, अबलख, सब्जा, पंचकल्याणी हे शब्द त्या गरजेतून रूढ झाले. नीरा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतील काटक, मध्यम उंचीच्या तट्टास ‘भीमथडी’ म्हणत. लांबच्या मजला, निकृष्ट चारा व डोंगराळ वाटा सोसण्याचा गुण त्याच्या अंगी होता.

अठराव्या शतकात मराठी टाकसाळींतून निघालेले बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावाचे असत. मिरजेच्या नाण्यांवर टाकसाळीचे नाव ‘मुर्तजाबाद’ असे येते. व्यापाऱ्यांचा विश्वास या रूढ स्वरूपावर बसलेला असल्याने त्यात फेरफार करणे सराफ व सरकार या दोघांनाही गैरसोयीचे होते. मराठी संस्थानांपैकी बडोद्याच्या गायकवाडांनी मात्र घोड्याचे सूचक चिन्ह स्वीकारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या, तिसऱ्या सयाजीरावांच्या तांब्याच्या नाण्यांवर घोड्याचा खूर व समशेर ही चिन्हे आहेत. समशेरीचा संबंध साताऱ्याशी पोहोचतो. बाळापूरच्या १७२० मधील लढाईतील पराक्रमाबद्दल दमाजी गायकवाड यांना ‘समशेर बहादूर’ हा किताब देणारे शाहू छत्रपती साताऱ्याच्या गादीवर होते.

टाक व नाणे : या प्रदेशात चांदीवर घोडा उमटला, तो टाकसाळीत नव्हे, तर सोनाराच्या ऐरणीवर. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पूजले जाणारे टाक हे पातळ पत्र्यावर ठोकून उठाव दिलेले देवतांचे मुखवटे वा आकृती होत. खंडोबाच्या टाकावर घोड्यावर स्वार झालेला देव, सोबत म्हाळसा व पायाशी कुत्रा असतो. जोतिबाचे वाहनही घोडाच आहे. कऱ्हाडजवळील पाल येथील खंडोबाच्या यात्रेमुळे कृष्णाकाठी ही उपासना विशेष रुजली. राजाने नाण्यावर नाव घातले आणि रयतेने देव्हाऱ्यात अश्वारूढ देव ठेवला, अशी ही वाटणी दिसते. टाकास नाणे समजून त्याची विक्री केली जाते, ती चूक होय. टाकास ठरीव वजन नसते, त्यावर मूल्य नसते आणि ते चलनात नसते.

आधुनिक काळ : १८३५ पासून कंपनी सरकारचे एकरूप चलन सुरू झाले व राज्यकर्त्याचा मुखवटा रुपयावर आला. याच राजवटीत घोडा सोन्याच्या रूपाने घरात शिरला. ‘गिनी’ या नावाने परिचित झालेल्या इंग्रजी सॉव्हरिनवर बेनेदेत्तो पिस्त्रुची याने १८१७ मध्ये तयार केलेले, घोड्यावरून अजगराचा वध करणाऱ्या संत जॉर्जचे चित्र आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईतही ही नाणी सु. तेरा लक्ष इतकी पाडण्यात आली. गिनीचा उपयोग चलनापेक्षा दागिने व संचय यांसाठीच अधिक झाला.

स्वतंत्र भारताने १५ ऑगस्ट १९५० रोजी आपली पहिली नाणेमालिका प्रचारात आणली. तिच्यातील एका पैशावर घोडा, अर्धा आणा, आणा व दोन आण्यांवर बैल आणि रुपयावर धान्याची कणसे होती. रुपयाचे चौसष्ट पैसे होत असल्याने घोडा सर्वांत लहान नाण्यावर आला. कोणत्याही राजाचा नसलेला हा घोडा बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खेळला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती सुरू झाली आणि हा पैसा हळूहळू व्यवहारातून गेला. तथापि सारनाथच्या सिंहशीर्षाच्या पट्टीवरही धावता घोडा कोरलेला असल्यामुळे राजमुद्रेच्या द्वारे तो सूक्ष्म रूपात भारतीय नाण्यांवर राहिला आहे.

जातिविशेष दाखविणारी नाणी : घोडा हा पशुधन म्हणून नाण्यावर दाखविण्याचा प्रघात आयर्लंडच्या १९२८ च्या मालिकेने दृढ केला. पर्सी मेटकाफ याने केलेल्या त्या मालिकेत अर्ध्या क्राउनवर शिकारी घोडा होता. पोलंडने २०१४ मध्ये ‘कोनिक’ या आपल्या देशी जातीच्या घोड्याचे नाणे काढले. भारतात हा मान नाण्याने नव्हे, तर टपाल तिकिटाने दिला. २००९ मध्ये काठेवाडी, मारवाडी, मणिपुरी व झंस्कारी या चार जातींची तिकिटे निघाली. भीमथडी त्यांत नव्हती. त्या जातीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवरील नोंद त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. ती आजवर टिकली, याचे श्रेय मुख्यतः मेंढपाळ धनगरांस द्यावे लागते. फलटण व माण भागांतून चाऱ्याच्या शोधात हिंडणाऱ्या त्यांच्या वाड्यांचे बिऱ्हाड आजही या तट्टांच्या पाठीवर असते.

जतन : अश्वांकित असो वा अक्षरांकित, नाण्याचे ऐतिहासिक मोल त्याच्या धातूत नसून ते कोठे, कशात व कोणत्या नाण्यांबरोबर सापडले यात असते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर–आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कसबामुळे देशभर पसरलेले आहेत. हे कसब गौरवास्पद आहे. परंतु कोणत्याही मुशीत गेलेले नाणे पुन्हा वाचता येत नाही. नांगरटीत वा पाया खणताना सापडलेला संचय वाटून घेऊन आटविला गेला, तर त्या गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे नष्ट होते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे अशा धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे आणि १९७२ च्या पुरावस्तुविषयक अधिनियमाने शंभर वर्षांपूर्वीची नाणी खाजगी रीत्या परदेशी पाठविण्यास मनाई आहे. १९५० चा घोड्याचा पैसा आज अल्प किमतीत मिळतो. नवोदित संग्राहकाने तेथून प्रारंभ करावा. नाणे घासून चकचकीत करू नये आणि ते कोणाकडून व कोठून मिळाले, याची टीप त्यासोबत ठेवावी. अशा टिपेमुळेच खाजगी संग्रहातील नाणे इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी पडते.