जगभरच्या जैन मंदिरांची यात्रा : एक कागद आणि एक व्रत

गेल्या दिवाळीत कोल्हापूरचे माझे एक जुने स्नेही घरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, दिगंबर जैन, घरात नियमधर्म कडक. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर नऊ नावं होती : मोम्बासा, नैरोबी, लेस्टर, पॉटर्स बार, अँटवर्प, न्यू जर्सी, शिकागो, कोबे आणि शेवटी नगरपारकर. म्हणाले, "सर, जगातल्या जैन मंदिरांची यात्रा करायची आहे. क्रम लावून द्या, थोडा इतिहासही सांगा." मी जैन नाही, पण भारतीय दर्शनं शिकवण्यात जन्म गेला, म्हणून आले असावेत. चहा झाल्यावर मात्र हळूच म्हणाले, "अडचण एकच आहे. हिनं दिग्व्रत घेतलंय."

तर आजचं बोलणं त्या कागदाविषयी आणि त्या व्रताविषयी.

दिग्व्रत म्हणजे काय? श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी हे पहिलं. दहाही दिशांना आपण कुठवर जाणार, याची मर्यादा स्वतःच आखून घ्यायची, आणि तीही जन्मभरासाठी. अमुक नदी, अमुक डोंगर, अमुक समुद्र, त्याच्या पलीकडे जायचं नाही. समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त याचं कारण फार सुंदर दिलं आहे. त्या सीमेबाहेर तुमच्या हातून सूक्ष्म हिंसाही होत नाही. म्हणजे तेवढ्या प्रदेशापुरते तुम्ही गृहस्थ असूनही महाव्रती साधूसारखे होता. जगाच्या पाठीवर फिरून पुण्य मिळवावं, असं आपण सहज धरून चालतो. इथे उलटं आहे. जितकं जग तुम्ही सोडून द्याल, तितकं ते तुमच्यापासून सुरक्षित. वहिनींनी उत्तरेची सीमा सम्मेदशिखर ठेवली होती. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांचं ते निर्वाणस्थान, तेव्हा त्यापुढे जायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न.

आणि प्रश्न बिनतोड आहे हो. तीर्थ म्हणजे जिथे कुणीतरी हा भवसागर तरून गेलं ती जागा. शिखरजी, गिरनार, पावापुरी, चंपापुरी. कागदावरच्या नऊ गावांत अशी जागा एकही नाही.

दुसरी गंमत बघा. जैन भूगोलात जगयात्रा आधीपासून आहे! आठव्या नंदीश्वर द्वीपावर बावन्न अकृत्रिम जिनालयं आहेत, चारही दिशांना तेरा-तेरा. पण माणूस तिथे जाऊ शकत नाही. माणसाची धाव अडीच द्वीपांपर्यंत. पुष्करद्वीपाच्या मधोमध मानुषोत्तर पर्वत आडवा आहे, त्याच्या पलीकडे फक्त देव जातात. मग आपण काय करायचं? कार्तिक, फाल्गुन आणि आषाढात आठ-आठ दिवस अष्टाह्निका पर्व पाळायचं आणि मंदिरातल्या नंदीश्वराच्या प्रतिकृतीपुढे बसून मनानं जायचं. श्वेतांबरांत कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाचा चित्रपट उभारून त्याचं दर्शन घेतात, तेही असंच. न जाता यात्रा करण्याची इतकी काटेकोर व्यवस्था मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही.

मग समुद्रापलीकडे मंदिरं गेली कशी? साधूंनी नेली नाहीत, एवढं नक्की. मुनी वाहनात बसत नाही, पायी विहार करतो, तोही पुढची जमीन बघत. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आलं. ते जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी या एकोणतीस वर्षांच्या गृहस्थाला पाठवलं. शिखरजीच्या डोंगरावर डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला होता, त्याविरुद्ध हाच माणूस कोर्टात झगडला होता. तरी समुद्र ओलांडला म्हणून मुंबईत त्याच्यावर काहूर उठलंच. 1901 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते गेले. शिकागोजवळ बार्टलेटला मोठं मंदिर उभं राहिलं ते 1993 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

पुढे चित्रभानू आणि सुशीलकुमार यांनी 1970 च्या दशकात परंपरा मोडून परदेश गाठला. न्यू जर्सीतलं सिद्धाचलम सुशीलकुमारांचं. तेरापंथात आचार्य तुलसींनी 1980 मध्ये समणींची मधली श्रेणीच काढली, प्रवासाची मुभा असलेली. पण मुख्य काम केलं दुकानदारांनी. जामनगरच्या हालार भागातले ओसवाल दुष्काळाच्या रेट्यानं पूर्व आफ्रिकेत उतरले. त्यांच्यामागून मोम्बासा आणि नैरोबीची मंदिरं आली. केनियात आफ्रिकीकरण झालं, 1972 मध्ये युगांडातून इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं, आणि ही मंडळी ब्रिटनला गेली. अँटवर्पचं मंदिर हिऱ्यांमागून आलं, कोबेचं 1985 चं मंदिर मोत्यांमागून. स्नेह्यांना मी म्हटलं, "तुमच्या यादीचा क्रम विमान कंपनी लावेल तसा लावू नका, स्थलांतराचा लावा. आधी मोम्बासा, मग लेस्टर."

लेस्टरला मात्र वेळ काढून थांबावं. तिथे एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचं मंदिर केलं, 1988 मध्ये प्रतिष्ठा झाली. एकाच छपराखाली श्वेतांबर मूर्ती आहेत, दिगंबर मूर्ती आहेत, स्थानकवासींची उपासनेची जागाही आहे. आता आपल्या वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर आठवा. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती कुणाच्या पद्धतीनं पुजायची यावरून दोन्ही पंथ प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. पुढे सुमारे चाळीस वर्षं दाराला कुलूप होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघालं. परदेशात माणसं मोजकी आणि जागा महाग, त्यामुळे एकी झाली, असं कुणी म्हणेल. असेल. पण झाली ना!

वेळापत्रकाचंही एक त्रांगडं आहे. स्नेह्यांना जुलै-ऑगस्ट हवा होता, तिकडे हवा छान म्हणून. पण तो चातुर्मास. मुनी एका जागी थांबतात, शत्रुंजयाची यात्राही तेव्हा बंद असते. कारण पावसातली जीवसृष्टी. नैरोबीत मोठा पाऊस मार्च ते मे. मग तिथे नियम पंचांगाचा पाळायचा की पावसाचा? मी वर्गात विचारलं असतं तर तासभर भांडण झालं असतं. मला स्वतःला पाऊस जास्त पटतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचं तर लेस्टरला जूनमध्ये साडेनऊपर्यंत मुभा, डिसेंबरात मात्र चारच्या आत.

राहिलं नगरपारकर. सिंधमधल्या थरपारकर जिल्ह्यात, कच्छच्या रणापलीकडे. गोडी पार्श्वनाथाचं मंदिर तिथे उभं आहे, घुमटांच्या आत रंगीत चित्रं आहेत. पण मूर्ती नाही, पुजारी नाही, पूजा करणारा समाज फाळणीपर्यंत निघून गेला. बाकीच्या आठ ठिकाणी समाज आहे आणि तीर्थ सोबत नेलेलं आहे. सिद्धाचलमच्या टेकडीवर तर शिखरजीची प्रतिकृतीच उभी केली आहे. इथे फक्त भिंती राहिल्या. यादीतलं आपल्याला सर्वांत जवळचं मंदिर हेच, आणि पोचायला सर्वांत कठीणही हेच.

वहिनी काही आल्या नाहीत. फाल्गुनातल्या अष्टाह्निकेचे आठ दिवस त्या नंदीश्वरापुढे बसल्या. यांनी नऊपैकी दोन ठिकाणं केली, मोम्बासा आणि लेस्टर, आणि गुडघा धरून परत आले. रोज रात्री फोनवर ते तिला गाभारा कसा आहे, मूर्ती कुठल्या दगडाची, हे सांगत. ती मध्येच प्रश्न विचारी आणि दुसऱ्या दिवशी यांना ते बघायला पुन्हा आत जावं लागे. कागद माझ्याकडेच राहिला आहे. नगरपारकरच्या पुढे त्यांनी पेन्सिलीनं 'व्हिसा?' असं लिहिलं आहे.