तळणीचा वास आणि गिरणीचा भोंगा



आपल्या मंडळात आरोग्याचा विषय निघाला की बोलणे हमखास वडापावावर येऊन थांबते. घरी भाजीभाकरी तयार असते आणि घरची माणसे बाहेरून तेलकट खाऊन येतात. मग आपण ‘जिभेचे चोचले’ म्हणून सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळ्या होतो. परंतु आपल्या भोईवाड्याचा आणि भोवतालच्या परळ-लालबागचा इतिहास पाहिला म्हणजे कळते, की ही चटक एकट्या जिभेने लावून घेतलेली नाही. तीत गिरणीच्या भोंग्याचा वाटा फार मोठा आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली. 1856 मध्ये ती चालू झाली. पुढे आपला हा सगळा भाग चिमण्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकामुले गावी ठेवून येई. एकाच खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने पाठ टेकत. 1911 च्या कायद्याने गिरणीतील पुरुषाच्या कामाला 12 तासांची मर्यादा घातली. 1922 मध्ये ते 11 झाले, 1934 मध्ये 10, आणि 1946 मध्ये आठवडा 48 तासांचा ठरला. तास कमी झाले खरे, पण पाळ्या आल्या आणि रात्रपाळीही आली. ज्या वेळी गावी माणूस गाढ झोपलेला असायचा, त्या वेळी इथे तो मागापाशी उभा असे.

अशा माणसाच्या पोटाची काळजी वाहिली ती खानावळी चालवणाऱ्या बायांनी. एका चुलीवर पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक, प्रत्येकाच्या पाळीप्रमाणे वेगळी वेळ, आणि पैसे मात्र पगार झाल्यावर! याच बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. खानावळीचे जेवण साधे, भाकरी-कालवणाचे. पण ते दोन वेळचे. मधल्या अवेळी लागणाऱ्या भुकेला गिरणीच्या दरवाजाबाहेरची भजी आणि गोड चहा हाच आधार होता.

अवेळी लागणारी ही भूक वेगळीच असते. जागरण झाले की भूक वाढवणारे द्रव्य शरीरात वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारे कमी होते, हे अलीकडच्या प्रयोगांतून दिसले आहे. शिवाय पिठूळ आणि स्निग्ध पदार्थ एकत्र आले, की मेंदूला ते प्रत्येकी वेगळे असताना वाटतात त्याहून अधिक हवेसे वाटतात, असे 2018 च्या एका संशोधनात आढळले. निसर्गात हा जोड क्वचितच सापडतो. वड्यात मात्र बटाटा, बेसन, तेल, मीठ सगळे एकाच घासात! आणि गंमत अशी, की ज्याला आपण अस्सल मराठी खाणे म्हणतो त्यातला बटाटा नि मिरची मूळ अमेरिकेतली, आणि ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा.

स्वस्त स्निग्धताही आपल्या दाराशीच तयार झाली. शेजारच्या शिवडीला 1932 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि 1937 पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी गेले. साजूक तूप परवडत नसलेल्या घरांत सणाच्या करंज्या त्यातच तळल्या गेल्या. त्यातील घातक चरबीला शंभरात दोन भागांची मर्यादा सरकारने घातली ती 2022 च्या जानेवारीपासून. तोपर्यंत किती पिढ्यांनी ती पोटात घातली! त्या पिढ्यांना आपण चोचले पुरवणाऱ्या म्हणायचे काय?

वडा पावात बसला तो 1966 च्या सुमारास, दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर, असे सांगतात. ताट नको, बसायला जागा नको, हातात धरून चालता चालता खाता येते. पाळी गाठायची असलेल्या माणसाला आणखी काय हवे? मग 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आले नाही. खानावळींचे गिऱ्हाईकही गेले. अनेक घरांनी तेव्हा कढई रस्त्यावर मांडली. पाळी सुटल्यावर जो वडा विकत घ्यायचा, तोच पाळी कायमची सुटल्यावर विकावा लागला. तळण ही तेव्हा कितीतरी घरांची भाकरी होती, हे आपण नाके मुरडताना विसरतो.

चरकाने अहितकर सवय एकदम न तोडता चौथ्या-चौथ्या हिश्शाने सोडावी असे सांगितले आहे. सवयीची मुळे कुठवर जातात, हे त्या वैद्याला ठाऊक होते. आपल्याकडे मात्र गिरणी बंद झाली तरी तिचे घड्याळ थांबलेले नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत आता कार्यालये आहेत. आपलीच मुले तिथे खुर्चीवर बसून रात्रपाळी करतात. आजोबांचा वडा मागाच्या कष्टांत जिरून जात असे. नातवाला भूक त्याच वेळी लागते, आणि गाडीही बाहेर उभी असते.