डाव्या पेडलचे उलटे आटे

गेल्या रविवारी आमच्याकडे सायकल आली. खरं तर सायकल नव्हे, एक लांबलचक पुठ्ठ्याचा खोका आला. आणणाऱ्याने तो जिन्याखाली टेकवला, सही घेतली आणि गेला. आत फ्रेम, फोमच्या नळ्यांत गुंडाळलेला फोर्क, पुढचं चाक, हँडल, सीट, एका पिशवीत दोन पेडल, दुसऱ्या पिशवीत नट-बोल्ट, दोन ॲलन की आणि एक चपटा पाना. शिवाय एक कागद, त्यावर सात चित्रं. शब्द जवळजवळ नाहीतच.

सायकल माझ्या मुलासाठी. मागवली मी, बाबांना न विचारता. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडे निघोज्यात राहतात. खोका पाहून ते एवढंच म्हणाले, "दुकानातून आणली असती तर चालवत आणली असती." आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

मग काय, मीच पदर खोचला. तासाभरात फोर्क बसवला. तो उलटा बसला होता, हे चिरंजीवांच्या लक्षात आलं. "आई, चित्रात डिस्क डावीकडे आहे, आपली उजवीकडे आलीये." पुन्हा काढला, पुन्हा बसवला. उजवं पेडल झटक्यात बसलं. डावं मात्र बसेना. मी जोर लावला. थोडं आत गेलं, मग अडलं. आणखी जोर लावला. कर्र असा बारीक आवाज आला.

गॅलरीतून बाबांचा आवाज, "थांब! डावं आहे ना? त्याचे आटे उलटे असतात!"

तोवर उशीर झाला होता. पेडलचा दांडा पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. आटे कोणाचे गेले हे सांगायला नकोच.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एक पेन्सिल मागितली, अर्धवट मिटलेल्या मुठीत सैल धरली आणि नातवाला म्हणाले, "हिचं बाहेरचं टोक धरून गोल गोल फिरव." त्याने फिरवलं, आणि मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरू लागली! पेडलचा दांडाही क्रँकमध्ये अगदी असाच, सूक्ष्म प्रमाणात, उलटा सरकू पाहतो. डाव्या बाजूला सरळ आटे दिले तर पेडल मारता मारताच ते सैल होत जाईल. म्हणून तिथे उलटे आटे. लक्षात ठेवायची खूण सोपी: पाना वर धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडल घट्ट होतात.

"हे तुम्हाला कारखान्यात शिकवलं?" मी विचारलं.

"छे गं. कारखान्याच्या कितीतरी आधी. लक्ष्मणरावांच्या गावात."

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. बाबा मूळचे पलूसचे. किर्लोस्करवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. त्या पंचक्रोशीत लहानपण गेलेल्या माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्कर घरातल्या आजोबांसारखे वाटतात, प्रत्यक्ष पाहिलेले नसले तरी.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा, गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग त्यांना ओळखूच येत नाहीत. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. यंत्रांची ड्रॉइंग ते उत्तम काढत, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. मुंबईत त्यांना सायकल दिसली आणि त्यांनी ती विकत घेतली.

त्या वेळी सायकल म्हणजे किती नवी वस्तू होती पाहा. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही आजच्या सायकलची ठेवण जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडमध्ये 'रोव्हर' या नावाने बाजारात आणली ती १८८५ साली. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ साली. आणि किर्लोस्करांच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानाचं साल सांगितलं जातं तेही १८८८च! लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. सायकल चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये. पाटी होती 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढे इंजिनं आणि पंप जगभर पाठवणाऱ्या उद्योगाचं नाव एका सायकलच्या दुकानावरून आलं आहे. बेळगावात त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

मी विचार करत राहिले ते मुंबईहून बेळगावला पोचणाऱ्या त्या मालाचा. वाटेत काही वाकलं, तुटलं, हरवलं तर विचारायचं कोणाला? ना चित्रांचा कागद, ना कोपऱ्यावर सायकलवाला. अख्ख्या गावातला सायकलवाला म्हणजे हे दोघे भाऊच! छर्रे सांडले तर तेच वेचणार, आटे गेले तर तेच पाडणार. सायकल विकायची तर ती आधी समजून घेणं भाग होतं.

मुंबईच्या नोकरीत पदोन्नती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणराव ती सोडून बेळगावला आले. दुकानाच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. त्या नांगराचं साल १९०३ सांगतात. सुरुवातीला नांगर खपेना, कारण लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. गंमत म्हणजे त्याच १९०३च्या डिसेंबरात अमेरिकेत सायकलचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी विमान उडवलं. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हे सगळं बाबा सांगत होते तेव्हा माझ्या डोक्यात एक शंका वळवळत होती. शेवटी विचारलीच. "पण बाबा, आलेले भाग जोडणं म्हणजे काही बनवणं नव्हे. ती तर नुसती जोडणी."

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी बत्तीस वर्षं जोडणीच केली. तिला नुसती म्हणू नकोस."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आमच्या गावाच्या हद्दीत महिंद्राचा मोटारींचा कारखाना २०१० साली सुरू झाला, तिकडे चाकणला बजाजचा त्याच्याही आधी, १९९९ साली. शिफ्ट सुटली की रस्ता बसगाड्यांनी भरून जातो. त्यातली किती माणसं दिवसभर दुसरीकडून आलेले भाग जोडत असतील! ते काम किती अवघड आहे याचा विचार मी, इथे बारा वर्षं राहून, कधी केला नव्हता. एक पेडल बसवायला गेले आणि क्रँक वाया घालवला, तेव्हा कळलं.

तरी माझी शंका अगदीच चुकीची नव्हती असं अजून वाटतं. विलायती सायकली विकणारी दुकानं त्या काळात आणखीही होती. आपल्याकडे सायकलींचे मोठे कारखाने मात्र फार उशिरा निघाले: मद्रासजवळ टीआय १९४९ साली, सोनीपतला ॲटलस १९५१ साली, लुधियानाला हीरो १९५६ साली. जोडणारे पुष्कळ होते. जोडता जोडता 'हे असं का?' विचारणारे थोडे, आणि विचारून झाल्यावर भट्टी पेटवणारे त्याहून थोडे. बाबांना हे म्हटलं तर म्हणाले, "बरोबर आहे. पण भट्टीवाल्यालाही शेवटी जोडणारा लागतोच."

असो. दुसऱ्या दिवशी बाबा आणि नातू मोशीला जाऊन डावा क्रँक घेऊन आले. बाबांचा उजवा हात हल्ली थरथरतो. निवृत्तीनंतर त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नव्हती, आणि त्याचं खरं कारण हेच होतं हे मला त्या दिवशी समजलं. आटे बोटांनी लागेपर्यंत पेडल नातवाने फिरवलं. बाबा नुसते कान लावून बसले होते. शेवटचा आवळ मात्र त्यांनी दिला, दोन्ही हातांनी पाना धरून, पुढच्या चाकाकडे.

सायकल आता रोज कुरुळीपर्यंत जाऊन येते. आटे गेलेला क्रँक मी टाकून द्यायला काढला होता. तो बाबांच्या हत्यारांच्या पेटीत सापडला, तेलाचा हात देऊन फडक्यात गुंडाळलेला. आणि ती पेटी आता माळ्यावर नाही, जिन्याखाली असते.