रकान्याखालचा आकडा

सरकारी एक्सेल फाईल उघडली की शीर्षकांच्या खाली हमखास आणखी एक ओळ असते: १, २, ३, ४, ५. ‘अ.क्र.’खाली १, ‘गावाचे नाव’खाली २, आणि पुढे कुठेतरी ‘५ (३+४)’. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांच्या तेरा फायली स्क्रिप्टने एका तक्त्यात ओतायला गेलं, की पहिला खोडा हीच ओळ घालते. स्क्रिप्ट वरची ओळ शीर्षक समजते आणि तिच्याखालची माहिती. मग जिल्ह्याच्या यादीत ‘२’ नावाचं गाव तेरा वेळा उगवतं आणि क्षेत्राची बेरीज फुगते. म्हणून स्क्रिप्ट लिहिणारा पहिल्या झटक्यात ही ओळ उडवतो. माझं मत नेमकं उलट आहे. अनेक कागद एका कागदात आणण्याच्या आपल्याकडच्या विद्येची सगळी कुळी या उपऱ्या वाटणाऱ्या ओळीतच आहे.

प्रसिद्ध टप्पे चटकन उरकू. १९७९ साली व्हिसिकॅल्क आलं. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ने एका फाईलमध्ये दुसरी मिळवणारी ‘फाईल कम्बाइन’ ही आज्ञा दिली. १९९३ मध्ये एक्सेलला व्हीबीए मिळालं, २००९ मध्ये गूगलची ॲप्स स्क्रिप्ट आली, २०१३ मध्ये पॉवर क्वेरी. आता पायथनच्या चार ओळी फोल्डरभर फायली गोळा करतात.

या यादीतून एक नाव नेहमी गळतं: मायक्रोसॉफ्टचं १९८२ चं मल्टिप्लॅन. व्हिसिकॅल्कने रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली होती. मल्टिप्लॅनने आकडे दिले: ओळ अमुक, रकाना पाच. ही ‘आर-वन-सी-वन’ पद्धत आजच्या एक्सेलच्या सेटिंगमध्येही सापडते. ती चालू करा आणि महसूल खात्याचा छापील नमुना शेजारी ठेवा. ‘रकाना ५ बरोबर रकाना ३ अधिक रकाना ४’ हे सूत्र दोन्हीकडे सारखंच. मायक्रोसॉफ्टने हे वऱ्हाडातून उचललं असा माझा दावा नाही. पण आपल्या दप्तरांना सूत्र ठाऊक होतं, फक्त ते चालवणारा माणूस होता.

त्या माणसाचं काम पाहा. गाव नमुना बारामध्ये एकेका भूमापन क्रमांकातलं पीक नोंदायचं. ते सगळं मिळवून गाव नमुना अकरा, म्हणजे गावाच्या पिकांचा गोषवारा. गावांचे गोषवारे मिळून तालुक्याचा, तालुक्यांचे मिळून जिल्ह्याचा. एकाच साच्याचे अनेक कागद, एकाखाली एक लावून, रकान्यात रकाना बसवायचा. स्क्रिप्ट दुसरं काय करते?

आता वादाचा मुद्दा. रकान्याखाली आकडे मुळात का छापले?

पहिलं मत छापखान्याचं. रुंद नोंदवही दोन पानांवर पसरते, पान उलटल्यावर शीर्षकं दिसत नाहीत, म्हणून आकडे. हे पटण्याजोगं आहे, पण चार रकान्यांच्या चिटोऱ्याएवढ्या तक्त्यातही आकडे असतात, त्याचं काय? दुसरं मत कायदेवाल्यांचं: सूचना लिहिताना ‘रकाना सातमध्ये नोंदवावे’ म्हणणं सोपं जातं. खरंच. पण मग शीर्षकच का नको? ‘पड क्षेत्र’ लिहायला कितीसे कष्ट पडतात?

माझं उत्तर बुलढाण्याच्या विचित्र उधारीत आहे. १८५३ च्या तहाने निजामाने बुलढाण्यासह वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिलं. मुलूख नावाने निजामाचा, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली. जमीन मोजणीची पद्धत मात्र मुंबई इलाख्याची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात जी रयतवारी मोजणी बसवली, तीच इथे आणली गेली. गावचे कागद मराठीत, त्यातले बरेच मोडीत. वर जाणारे तक्ते इंग्रजीत. आल्फ्रेड लायलचं १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर अशाच वरच्या कागदांच्या जगातलं. अशा उतरंडीत शीर्षक दर पायरीवर भाषा बदलतं, लिपी बदलतं, भाषांतरात वाकतंही. आकडा बदलत नाही. पटवाऱ्याचा पाचवा रकाना डेप्युटी कमिशनरकडेही पाचवाच. रकान्यांना आकडे देण्याची रीत जगभर आहे हे कबूल. ती आपल्याकडे इतकी घट्ट रुजली ती या दुभाषी कारभारामुळे, असा माझा पक्का कयास आहे.

या कुळावर दुसरे दोन जण हक्क सांगतात. एक ‘ऐन-इ-अकबरी’. वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत आपलं मेहकर आहेच, आणि त्याचे महाल व महसूल तक्त्यात मांडलेले आहेत. म्हणजे गोळाबेरीज जुनी. पण ती तयार होऊन आलेली दिसते, जोडणीची रीत तिच्यात दिसत नाही. दुसरा दावेदार खामगावच्या कापूस बाजारातली वही. रोजकीर्दीवरून खतावणी करणं हेच फायली जोडणं, असं व्यापारी मंडळी म्हणतात. मला हे मान्य नाही. खतावणी एक वही फोडून अनेक खाती करते. गोषवारा अनेकांचा एक करतो. दिशाच उलटी.

माझ्या मताला खरी कसोटी १९५६ ची, कारण आकडा जुळतो तो साचा एकच असेल तर. तोवर बुलढाणा मध्य प्रदेशात होता. मलकापूरच्या पश्चिमेला खानदेश, म्हणजे मुंबई राज्य. देऊळगाव राजाच्या पलीकडे जालना, म्हणजे हैदराबाद. तीन राज्यं, तीन महसुली कायदे. १ नोव्हेंबर १९५६ ला तिन्हीकडचे मराठी मुलूख एका राज्यात आले. पण सर्वांना एकच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली ती १५ ऑगस्ट १९६७ ला. राज्य एका दिवसात जोडलं गेलं, कायद्याची चौकट जुळायला जवळजवळ अकरा वर्षं लागली. साचे वेगळे असलेल्या फायली जोडणाऱ्याला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

आणि दुभाषी उतरंड संपलेली नाही, तिने वेष बदललाय. एका तालुक्याचा तक्ता युनिकोडमध्ये, दुसऱ्याचा कृतिदेवमध्ये. कृतिदेवमध्ये टंकलेलं ‘गाव’ आपल्याला गावच दिसतं, स्क्रिप्टला मात्र एक्स-के-ओ ही रोमन अक्षरं दिसतात. कुणी ‘क्षेत्र (हे.)’ लिहितो, कुणी ‘एकूण क्षेत्र हे.आर.’. शीर्षकं जुळवणारी स्क्रिप्ट एका जिल्ह्यासाठी तीन-तीन क्षेत्ररकाने काढून बसते. आकडे तेवढे तसेच उभे.

तेव्हा उडवायची असेल तर वरची शीर्षकं उडवा. आकड्यांच्या ओळीलाच रकान्यांची नावं करा, आधी १ आणि 1 एकसारखे करून घ्या, आणि शेवटी फाईलचं नाव नोंदणारा एक जादा रकाना जोडा. ‘५ (३+४)’ हा मजकूर स्क्रिप्टने हुकूम म्हणून पाळावा: बेरीज स्वतः करून पाहावी, जुळली नाही तर ती ओळ वेगळी काढावी. फाईलचं नाव सोबत असल्यामुळे दुरुस्तीचं पत्र तेरा तहसिलांना न जाता एकाच तहसिलाला जाईल.