हौशी प्रयोगकर्त्यांसाठी : ज्वालाग्राही वायू आणि विजेची ठिणगी

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात 'कार्बाइड गन' नावाच्या घरगुती खेळण्याने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. प्लॅस्टिकची नळी, कॅल्शियम कार्बाइडचे खडे, थोडे पाणी आणि गॅस पेटवण्याचा लायटर एवढेच त्याचे साहित्य. कार्बाइड व पाणी यांच्या संयोगातून अ‍ॅसिटिलिन वायू तयार होतो आणि लायटरच्या विद्युत ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार का उडाला नाही, हे पाहण्यासाठी नळीत डोकावताच तो उडाला, असे अनेकांच्या बाबतीत घडले. ज्वालाग्राही वायू आणि वीज यांची गाठ पडते तेथे साहित्याच्या साधेपणावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

हौशी मंडळींचा सर्वांत आवडता प्रयोग म्हणजे पाण्याचे विद्युत अपघटन. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली तो केला, आज तो शालेय अभ्यासक्रमाचा भाग आहे. शाळेतील मांडणीत हायड्रोजन व ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांत जमा होतात. घरी मात्र 'पाण्यापासून इंधन' मिळवण्याच्या उत्साहात दोन्ही वायू एकाच बाटलीत गोळा केले जातात. दोनास एक या प्रमाणातील हे मिश्रण म्हणजे तयार स्फोटकच. शिवाय पाण्याचे विघटन करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्याहून अधिक ऊर्जा हा वायू जाळून मिळू शकत नाही. फुकटच्या इंधनाचा मोह त्यामुळे मुळातच निराधार आहे.

हायड्रोजनचा स्वभाव

स्वयंपाकाचा गॅस हवेत सुमारे २ ते ९.५ टक्के असतानाच पेट घेतो. हायड्रोजनची ही मर्यादा ४ ते ७५ टक्के इतकी विस्तृत आहे. त्याला पेटवण्यास सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. नायलॉनचे कपडे काढताना अंगातून निघणारी ठिणगी याच्या कित्येक पटींनी मोठी असते. बटण दाबताना किंवा तारेचा चिमटा काढताना उडणारी ठिणगीही पुरेशी ठरते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हायड्रोजनला वासही नाही. स्वयंपाकाच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. ती सोय येथे नाही.

प्रयोग करताना

वायू अत्यल्प प्रमाणातच तयार करावा. १ अँपिअर प्रवाह १० मिनिटे सोडल्यास साधारण ७० मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. निरीक्षणासाठी एक लहान परीक्षानळी पुरे. वायू बाटलीत, फुग्यात वा डब्यात साठवू नये, दाबाखाली तर कदापि भरू नये. काचेच्या बंद भांड्याचा स्फोट झाल्यास त्याच्या ठिकऱ्या डोळ्यांत जातात. म्हणून संरक्षक चष्मा अनिवार्य समजावा. सैल, कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावेत.

पाण्यात मीठ घालू नये, कारण धनाग्रापाशी विषारी क्लोरीन तयार होतो. त्याऐवजी चिमूटभर धुण्याचा सोडा वापरावा. कॉस्टिक सोडा डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. स्टेनलेस स्टीलचे धनाग्र झिजून घातक क्रोमियम संयुगे पाण्यात उतरू शकतात. त्यापेक्षा पेन्सिलीतील ग्रॅफाइटची कांडी बरी.

६ किंवा ९ व्होल्टची लहान बॅटरी पुरेशी आहे. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह, मग तो मध्ये दिवा किंवा डायोड जोडून 'कमी' केलेला का असेना, वापरू नये. गळती रोखणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक यंत्र घरात असले, तरी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास ते वाचवेलच असे नाही. मोटारीची वा इन्व्हर्टरची बॅटरीही टाळावी. तिची टोके चुकून जुळल्यास तारा क्षणात लाल होतात. प्रवाहाचे बटण वायूपासून दूर ठेवावे आणि प्रवाह बंद केल्यावरच चिमटे काढावेत.

जागा आणि हवा

हायड्रोजन हलका असल्याने छताखाली, पोटमाळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साचतो. म्हणून वरच्या बाजूने हवा बाहेर जाण्यास वाट हवी. याच कारणास्तव, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. याउलट स्वयंपाकाचा गॅस जड असून जमिनीलगत पसरतो. त्याचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस स्पर्श करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. डोळ्यात क्षार गेल्यास तितकाच वेळ डोळा धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. डोळ्यात काच रुतली असेल, तर ती काढण्याचा प्रयत्न न करता, डोळा न चोळता डॉक्टरांकडे जावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

मुलांच्या जिज्ञासेला बंदी घालणे हा यावरचा उपाय नव्हे. जाणत्या व्यक्तीने शेजारी उभे राहावे आणि ठिणगी पेटवण्यापूर्वी 'नळीत नेमके काय आहे, किती आहे?' हे मुलाला विचारावे. त्याचे नेमके उत्तर मिळाले नाही, तर प्रयोग तेथेच थांबवावा.