कंबरेचं इंजेक्शन आणि गिधाडं

शहागंज असो की सिडको, कंबर धरली की मागणी एकच: "डॉक्टर, एक इंजेक्शन ठोका!" ते अनेकदा डायक्लोफिनॅक असतं. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं. आजीचा विटेचा शेक त्याने मागे पाडला. पुढे ते जनावरांनाही टोचू लागले. अशी मेलेली जनावरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होतात, हे २००४ ला उघड झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ ला ३ मिलीची मर्यादा घातली. गिधाडांसाठी एवढं झालं, बरंच झालं. आपण मात्र मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय पत्ता आणतो अन् महिनोन्‌महिने खातो. किडनी आपल्यालाही आहे की! आणि कंबरेसोबत पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तर गोळी घेऊन झोपू नका, त्याच क्षणी घाटी गाठा.